बेंचवर

गुरुवार, १२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. यापुढं 'तूही ठीक असशील' असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून हा जुना मार्ग. पत्राला अंगठा दाखवता येत नाही.

इकडची खबरबात. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा नळ अजून गळतोय आणि आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल पसरत चालली आहे. त्या म्हणतात प्लंबर येतो येतो म्हणतो. प्लंबर म्हणतो बाई दारच उघडत नाहीत. कोर्टात नवे साहेब आलेत. ते इतकं सावकाश सांगतात की दोन शब्दांमध्ये माझी एक जांभई आरामात मावते. पण आमच्या कामाचं एक बरं असतं. ऐकलं ते टाइप करायचं, पदरचं काही घालायचं नाही. हे पत्रही तसंच लिहायचा विचार आहे. जमेल तितकं.

तुझ्या शेवटच्या फोनपासून सुरुवात करते. बाबांनी "काम कसं चाललंय?" विचारलं, तू म्हणालास, "सध्या बेंचवर आहे," आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास.

आता तूच सांग, बेंच या शब्दावर आपल्या घरात बाबांपेक्षा जास्त हक्क कुणाचा आहे? जन्मभर शाळांचे बेंच केले माणसानं. घरात बोलताना बाक, ऑर्डर आली की बेंच. तू स्वतः त्यांनी केलेल्या बेंचवर शिकलास, तोही कायम शेवटच्या. तुला मास्तरांनी बेंचवर उभं केलं होतं तेव्हा बाबांना शाळेत बोलावलं, आठवतं? मास्तर तुझे प्रताप सांगत होते आणि बाबा खाली वाकून बेंचचा सांधा हलतोय का ते बघत होते.

तर फोन ठेवून ते गच्चीवर आले. मी कपडे वाळत घालत होते. ते नेहमीप्रमाणे चिमटे हातात देत उभे राहिले.

"कुठल्या लाकडाचा आहे ते विचारायचं राहिलं," म्हणाले.

"कशाचा?"

"त्याचा बेंच."

मी म्हटलं, "बाबा, तो तसला बेंच नसतो."

"मग कसला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे न्यायाधीश बसतात त्यालाही बेंचच म्हणतात."

"एवढ्या मोठ्या माणसांना खुर्च्या नाहीत?"

"खुर्च्याच असतात. म्हणायचं बेंच."

"म्हणजे निकाल देणारे," ते म्हणाले, आणि पुढचा चिमटा द्यायचं विसरले.

मला खरा अर्थ माहीत होता. आमच्या ऑफिसातल्या एकीचा जावई असाच घरी बसून होता. तरी मी गप्प राहिले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा तसा दिसला होता. तो मला दुरुस्त करवेना.

पुढचे काही दिवस बाबांनी न्हाव्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं. "धाकटा बेंचवर गेला." लोकही काय, अभिनंदन करून मोकळे. शेवटी ते लाकूड बघायला वखारीत गेले आणि तिथं सांगितलं. वखारवाल्याचा पुतण्या तुझ्याच कॉम्प्युटरच्या धंद्यातला. तो चारचौघांसमोर मोठ्यानं हसला, म्हणाला, "अहो मिस्त्री, बेंचवर म्हणजे काम नाही! बसवून ठेवतात नुसतं. मिळालं काम तर ठीक, नाहीतर नारळ!" चारचौघेही हसले. माणूस वाईट नाही तो. बोलायच्या आधी हसायची सवय आहे.

बाबा घरी आले, हात-पाय धुतले आणि विचारलं, "बेंच म्हणजे बसवून ठेवणं का गं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

रागावले नाहीत. टॉवेल जागेवर ठेवला. मग एकदम त्यांच्या फुटबॉलची गोष्ट सांगायला लागले. मला बाबा फुटबॉल खेळायचे हेच माहीत नव्हतं. म्हणाले, तरुणपणी गिरणीच्या संघात नाव होतं. राखीव. अख्खा मोसम मैदानाच्या कडेला बाकावर बसून काढला, बूट बांधून.

मी विचारलं, "मग शेवटी खेळवलं का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. पण माझी आई प्रत्येक सामन्याच्या आधी मोजे धुऊन ठेवायची." एवढं बोलून झोपायला गेले. मला वाटलं होतं गोष्टीला काहीतरी तात्पर्य असेल.

इथपर्यंत लिहून मी चहा करायला उठले होते. पुढचं लिहायचं टाळत होते हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

दुसऱ्या दिवशी आपल्या कारखान्यात करवतीच्या मशीनमध्ये बाबांचा उजवा हात सापडला. दोन बोटं पूर्ण आणि तिसऱ्याचं पेर. अंगठा राहिला. डॉक्टर म्हणतात हे नशीब. शाळेची ऑर्डर चालू होती, फळ्या कापत होते. आदल्या दिवशी वखारीत काय झालं आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर काय झालं, यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, एवढंच लिहिते. वखारवाल्याचा पुतण्या मात्र तसं म्हणतो. दवाखान्यात येऊन लहान मुलासारखा रडला. बाबांनीच त्याची समजूत काढली. म्हणाले, "मशीनला काय कळतंय तू हसलास ते?"

ऑपरेशनच्या आधी आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. हात कापडात गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक, आणि बाबा डाव्या हातानं खाली चाचपडतायत. मला वाटलं चक्कर येतेय.

"याचा एक पाय आखूड आहे," म्हणाले. "माणूस डुलतो. आजारी माणसांना असला बेंच देतात होय?"

नर्स आली तेव्हा तिलाही सांगितलं. ती बिचारी हो हो म्हणाली.

आत नेताना त्यांनी मला बजावलं, "धाकट्याला कळवायचं नाही. तो आधीच बसलाय." मी हो म्हटलं. आत नेत असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

पण त्याच संध्याकाळी मी तुला फोन लावला. लागला नाही. म्हणून तुझ्या ऑफिसात लावला. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. तिनं तुझं नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "ते आता आमच्याकडे नाहीत. उन्हाळ्यातच सोडलं त्यांनी." मी विचारलं, "म्हणजे बेंचवर आहेत ना?" ती म्हणाली, "नाही मॅडम, बेंचवरही नाहीत."

धाकट्या, म्हणजे तू बाबांना तो फोन केलास तेव्हा तुझ्याकडे तोही बेंच नव्हता.

नंतर एकदा तू माझा फोन चुकून उचललास. "मीटिंगमध्ये आहे ताई." मागे झोपाळ्याची कडी करकरत होती आणि एक बाई कुणाला तरी वाळू खाऊ नकोस म्हणून ओरडत होती. मी ठेवते म्हटलं. दिवसा तू कुठल्या बागेत बसतोस, बॅग घेऊन जातोस का, घरमालकाला काय सांगतोस, हे मी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

तुला त्या दिवशीही बाबांचं सांगितलं नाही, कारण शब्द दिला होता. आणि बाबांना तुझं सांगितलं नाही, कारण... त्याला कारण नाही. तू सांगू नको म्हणाला नव्हतास. तू काहीच म्हणाला नव्हतास.

सध्या इथं असं चाललंय. बाबा सकाळी कारखाना उघडतात, झाडून घेतात आणि बसतात. शाळेच्या बाई येऊन गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. म्हणाल्या, "सावकाश द्या, मुलं तोवर सतरंजीवर बसतील." ते बाबांना फार लागलं. त्या दिवसापासून डाव्या हातानं रंधा मारून बघतात. मी कोर्टातून आले की फळी धरते. कधी मी रंधा मारते आणि ते डोळे मिटून घेतात. आम्ही मिळून एक बेंच उभा केला. त्यावर बसलं की माणूस आपोआप शेजाऱ्याच्या अंगावर सरकतो. बाबा म्हणाले, "नवरा-बायकोला द्यायला चांगला आहे."

हसले. पण दुसऱ्या दिवशी तो मोडून फळ्या सुट्या केल्या.

आज इथंच थांबते. हे पत्र टाकावं की नाही ते उद्या ठरवीन.

शुक्रवार

ठरलं. पण आधी दुसरं एक झालं, ते लिहिते.

सकाळी मला वाटलं, बाबांचं तुला कळवायचं आणि तुझं बाबांना नाही, हा कुठला न्याय? एका बाजूचं ऐकून आमच्याकडेही निकाल देत नाहीत. म्हणून आंघोळ झाल्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ऑफिसातली मुलगी, झोपाळा, सगळं. आणि हे पत्रही दाखवलं. म्हटलं, "तुम्ही नको म्हणाला होतात तरी लिहिलंय."

बाबांनी चष्मा लावून पत्र वाचलं. पानं उलटायला जरा त्रास होतो, तरी मला उलटू दिली नाहीत. त्यांची बोटं गेली तिथं आले आणि एक वाक्य परत वाचलं. मग म्हणाले,

"जेवतो कुठं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"एवढं लांबलचक लिहिलंस आणि तेवढंच विचारलं नाहीस."

तर विचारते. जेवतोस कुठं?

मग बाबांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता रागावतील, तुझ्यावर किंवा माझ्यावर. उठले, कारखान्यात गेले. मी मागून गेले तर मशीनवरचं कापड काढून ठेवलेलं. ते मशीन त्या दिवसापासून झाकून होतं. भुसा साफ करत म्हणाले, "लिहून घे."

मी लिहून घेतलं. माझ्या पदरचा त्यात एक शब्द नाही:

"फळ्या कापायला दोन हात लागतात. माझ्याकडे एक आहे. ताईच्या हातात काही नाही, ती टाइपिंगच करू दे. मशीन कसं चालवायचं ते मी सांगीन, पण मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. पगार नाही. मालक चिडका आहे. तुझं खरं काम मिळालं की त्याच दिवशी जायचं, शाळेची ऑर्डर राहिली तरी. तोवर तिथं एकट्यानं बसायची गरज नाही. आणि मला खोटं सांगितलंस त्याबद्दल इथं आल्यावर बोलीन, पत्रात नाही. मीही तुला सांगू नको म्हटलं होतं, त्याबद्दल तूही बोल."

मी विचारलं, "खाली काय लिहू? तुझे बाबा?"

म्हणाले, "मी लिहितो."

मी पेन डाव्या हातात दिलं. पहिलं अक्षर कागदाच्या बाहेर जाता जाता राहिलं. दुसऱ्याला इतका वेळ लागला की मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. वाचता येत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. तुला येईल.

तुझी,
ताई

बा बा