पडवीतला फोन

राजोडी, वसई
१९ ऑक्टोबर २००१

प्रिय चंदूदादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? इतक्या वर्षांत ते काडीचं सुधारलेलं नाही, तेव्हा ओळखायला हरकत नव्हती. आईची तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. यंदा राजेळी केळीचे घड छान धरलेत, पण ती उन्हात वाळवून सुकेळी करायची हौस आता कुणाला उरलेली नाही. तू आणि सुझान मजेत असाल. तुझा पत्ता क्लारा आंटीने दिला. जावयाचा पत्ता द्यायच्या आधी सासूबाईंनी मला चहा पाजला, केक खायला घातला आणि तुझं भरपूर कौतुक ऐकवलं. माझा भाऊ एवढा गुणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

नाना गेले तेव्हा बापाला खांदा द्यायला तू आला नाहीस. त्याबद्दल अवाक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि बघ, दुसऱ्याच परिच्छेदात लिहून मोकळी झाले. निरोप उशिरा पोचला असेल, सुट्टी मिळाली नसेल. मी रागावले होते. अजून थोडी आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र इंटरनेटसाठी आहे. हसू नकोस.

मी हल्ली घरूनच काम करते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की टेपवर पुटपुटतात, ते आवाज नेटवरून माझ्याकडे येतात, आणि मी हेडफोन लावून ते टाइप करून परत पाठवते. कोणी खाता खाता बोलतो, कोणी गाडी चालवताना. काय पुटपुटला ते ओळखायचाच मला पगार मिळतो, आणि माझा कान पक्का आहे हे कंपनीसुद्धा मानते. पण घरात हे काम जमेना. समोर बिल्डिंग चढतेय, आणि आईचा टीव्ही तर अर्नाळ्याच्या किल्ल्यावर ऐकू जाईल. म्हणून वाडीतली पंपाची खोली साफ केली, चुना मारला आणि कॉम्प्युटर तिथे नेला. खिडकीबाहेर केळी, वर नारळाच्या झावळ्या. साहेबी थाट आहे, येशील तेव्हा बघशील.

नेट फोनच्याच लाइनवरून चालतं. वेगळी लाइन मिळेना, म्हणून पडवीतल्या फोनचीच वायर झाडांवरून खोलीपर्यंत ओढली. नंबर एकच, फोन दोन. एक पडवीत, एक माझ्या टेबलावर. भानगड एवढीच की मी नेटवर असताना घरात कोणी नुसता रिसीव्हर उचलला तरी माझं कनेक्शन पटकन तुटतं.

आणि ते तुटायचं. रोज दुपारी, चहाच्या सुमाराला. अर्धी फाईल आलेली असायची आणि तो मेला मोडेम गप्प. मी चडफडत पुन्हा जोडायची, पुन्हा तुटायचं, पुन्हा जोडायची. कंपनीने शेवटी बजावलं, आणखी एकदा काम उशिरा आलं तर पाठवूच नका. घर आता माझ्याच पगारावर चालतं रे, वाडीत काही राम राहिलेला नाही.

शेजारच्या पिंकीचा नवरा जितेंद्र लाइनमन आहे. त्याला बोलावलं. तो झाडांवर चढून सगळी वायर बघून आला. म्हणाला, "ताई, लाइन एकदम ओके आहे. घरातून कोणीतरी रिसीव्हर उचलतंय. बोला, पडवीतला फोन काढून टाकतो, टेन्शन खतम."

मी आईवर जाम उखडले. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू? मला कोन फोन करनार हाय?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग आई मामाकडे अर्नाळ्याला राहायला गेली. मी स्वतः मागचं दार आतून लावलं, पडवीच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि खोलीत जाऊन बसले. म्हटलं, आता बघू. दुपारी कनेक्शन तुटलं.

खिडकीतून पाहिलं तर दाराला कुलूप तसंच. मांजर असेल, उंदीर असेल, असं स्वतःला समजावत मी जाऊन दार उघडलं. पडवीत कुणीच नव्हतं. रिसीव्हर जागेवर होता, पण उलटा ठेवलेला. वायर खिडकीच्या बाजूला आली होती. मी आणि आई तो तसा ठेवत नाही, आमच्या दोघींचा हात उजवा. आपल्या घरात डाव्या हाताने सगळं कोण करायचं, ते तुला सांगायला नको.

दादा, इथे मी पेन खाली ठेवलं होतं. अंगणात जाऊन तोंड धुऊन आले. आता लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी कनेक्शन तुटल्यावर मी पुन्हा जोडलं नाही. टेबलावरचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायल टोन नव्हता. आपल्या पडवीचा आवाज येत होता. पंख्याची ती करकर, भिंतीवरचं घड्याळ. आणि अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. मग खाकरण्याचा आवाज आला, एकदा आणि थोडं थांबून परत, कुणाला हाक मारण्याआधी ते खाकरायचे तसा. दिवसभर मी परक्यांचे आवाज ओळखते. हा ओळखायला मला क्षणही लागला नाही.

मी म्हटलं, "नाना?"

ते म्हणाले, "क्षिती, लाइन सोड गं. त्याचा फोन येनार हाय."

मी "हो" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. नानांनी काही सांगितलं की आपण लगेच हो म्हणायचो ना, तसंच.

नानांच्या मनाविरुद्ध सुझानशी लग्न करून तू बहारीनला गेलास, आणि तिथून दुपारी केलेला तुझा पहिलाच फोन त्यांनी उचलून "राँग नंबर" म्हणून ठेवला. मी तेव्हा पडवीतच होते. त्यानंतर ते दुपारी कधीच पडवी सोडून कुठे गेले नाहीत. फोनशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आम्हाला वाटायचं, झोप काढतायत. एवढी वर्षं आम्हाला तसंच वाटलं.

आई परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, देवरुषी गाठेल. ती शांतपणे वालाच्या शेंगा सोलत राहिली. "मला ठाव हाय," म्हणाली. "म्हनून तर त्या टायमाला मी मागच्या दारी जाऊन बसते. माझ्यासमोर ते त्याच्याशी बोलायला लाजतील."

हे ऐकून मी तडक क्लारा आंटीकडे गेले, तुझा पत्ता मागायला. केक खाऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमचा फोन नेहमी एंगेज का असतो गं? नाना गेल्यापासून चंदू सारखा दुपारी लावत होता. सुझान सांगते, त्याला वाटलं तुम्ही मुद्दाम रिसीव्हर काढून ठेवता. आता त्याने नाद सोडला."

अरे दादा, ती मी होते! मी नेटवर असले की बाहेरून लावणाऱ्याला एंगेजच लागतो. नाना रोज उठून तुझ्यासाठी लाइन मोकळी करत होते, आणि मी मूर्ख, ती लगेच पुन्हा अडवत होते. घरी येऊन मी पोटभर रडले. तुझ्यावरचा निम्मा राग तिथेच गेला.

जितेंद्रला सांगितलंय, पडवीतला फोन काढायचा नाही. कंपनीला कळवलंय, दुपारी मी काम करणार नाही. उत्तर काय यायचं ते येवो. त्या वेळेला मी आता कॉम्प्युटर लावतच नाही. काल दुपारी केळीत उभं राहून घराकडे बघत होते. पडवीतली खुर्ची कुणीतरी फोनजवळ सरकवल्याचा आवाज मला स्पष्ट आला. आज तो जरा लवकरच आला.

तू पुन्हा एकदा फोन लाव. दुपारी, चहाच्या वेळेला. आई मागच्या दारी असेल आणि मी वाडीत. आम्ही दोघी उचलणार नाही, तरी उचलला जाईल. घाबरू नकोस आणि घाईने ठेवू नकोस. त्यांना बोलायला सुरुवात कुठून करावी ते कधीच जमलं नाही, तेव्हा पहिला शब्द तू बोल. तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारणार नाही.

घरातल्या आम्हा तिघांच्या वतीने,
तुझी क्षितिजा