राणीची ओटी

वडगाव, बेळगाव
मंगळवार

प्रिय सौम्या,

राणी जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण पत्र उघडल्यावर तू तेच शोधशील. लाल कापडाखाली, काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात बसली आहे, भोवती लेकींचा गराडा. सहा वर्षांपूर्वी गुंजी स्टेशनच्या बाकाखाली पंख गाळून फिरणारी ही मुंगळी तू नळीत उचललीस, तेव्हा आठवडाभर टिकणार नाही असं मी म्हटलं होतं. लग्न करून म्हैसूरला जाताना ती तू माझ्या हवाली केलीस. मधाचं पाणी, दोन दिवसांआड मेलेलं झुरळ, मुंग्या बाहेर चढू नयेत म्हणून काठाला पावडर, आणि पाण्याचा कापूस सुकू द्यायचा नाही. तीन वर्षांत एक दिवस चुकलो नाही. शिरस्तेदार असताना कोर्टातसुद्धा माझी एवढी हजेरी नव्हती.

पण कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला घरातही आरोपीच दिसतात. मार्चमध्ये मुंग्या मरायला लागल्या. एका शनिवारी पाच, पुढच्या शनिवारी अकरा, मग ओंजळभर. आधी मी शेजारच्या भाग्यलक्ष्मीच्या यंत्रमागांवर संशय घेतला. त्यांच्या धडधडीनं आपली भिंत हलते, म्हणून पेटीखाली घोंगडं दुमडून घातलं. पण माग तर रोजच चालतात, मुंग्या शनिवारीच का मराव्यात? मग पेटीच्या झाकणापाशी पिवळी कणी सापडली. बोटावर घेऊन वास घेतला. हळद. हळदीनं मुंग्या जातात हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि घरात माणसं दोनच, मी आणि तुझी आत्या, शालूआक्का.

हेतूही माझ्याकडे तयार होता. तुला तो दिवस आठवत असेल. तू निघालीस तेव्हा बायका ओटी भरायला जमल्या होत्या, आणि तू म्हणालीस, माझी ओटी आत्याच भरेल. तुझी आई गेल्यापासून तिनंच तुला वाढवलं, तुझं म्हणणं बरोबरच होतं. पण आक्कानं हात मागे घेतले आणि सरळ परसात निघून गेली. शेवटी भाग्यलक्ष्मीनं ओटी भरली. आत्या अशी का वागली, असं तू रिक्षात मला विचारलंस. मी म्हटलं, तिला तुझं लग्न पसंत नाही. पुरावा काडीचा नव्हता. पण तू ते धरून बसलीस आणि तीन वर्षं तिच्याशी बोलली नाहीस. मीही कधी माझं म्हणणं तपासून पाहिलं नाही.

असो. मी पेटी माझ्या खोलीत नेली, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. मुंग्या मरायच्या थांबल्या. आणखी काय हवं? आक्काला समोर उभं करून म्हटलं, तुझ्या हातानं मेल्या मुंग्या. हळदीचं नाव मुद्दाम घेतलं नाही, आरोपीनं आपल्या तोंडानं कबूल करावं म्हणून. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, ''व्हय रं, माझ्याच हातानं.'' झाला कबुलीजबाब. तुला फोन केला, तू म्हणालीस, राहू दे तिला काही दिवस गावाकडे. परवा रविवारी तिला रेल्वेनं गुंजीला, भावकीतल्या भरमाच्या घरी पोचवून आलो. वाटेत तिनं दोन्ही हात पदराखालीच ठेवले, आणि मला तेही संशयास्पदच वाटलं.

निघण्याआधी तिनं एकदा मुंग्या बघू दे म्हणून विनवलं होतं. मी दारातच पहारा देत उभा राहिलो. तिनं तुझा चिमटा उचलला आणि माझ्याकडे पाठ करून खाण्याच्या ताटलीत काहीतरी ठेवलं. वळून म्हणाली, ''हात न्हाय लावला रं, भिऊ नगो.'' परत आल्यावर चपला न काढताच मी पेटीकडे धावलो. ताटलीत तांदळाचे पाच दाणे, खोबऱ्याचा कीस, कुंकवाचा ठिपका, पिवळ्या पुडीचा एक कण आणि नखाएवढा हिरवा खण. मला काय वाटलं असेल? करणी! सगळं चिमट्यानं बाहेर काढलं, कागदात बांधलं आणि साक्षीदार म्हणून भाग्यलक्ष्मीला दाखवायला नेलं.

तिनं कागद उलगडून दाणे मोजले. म्हणाली, ''अण्णा, ही ओटी हाय.'' दर शुक्रवारी आक्का तिच्याकडून चिमूटभर हळदकुंकू मागून न्यायची. तिचा नवरा गेल्यापासून आपल्या घरात कुंकवाचा करंडा ठेवलेला नाही ना. एकदा भाग्यलक्ष्मीनं कारण विचारलं, तर म्हणाली, ''पोरीची ओटी भरायचं लई मनात हुतं. पण म्या रांडमुंड बाई, माझा हात लागून तिचं वाईट व्हायला नगो. तिच्या राणीची भरते, पहाटं उचलून घेते. मुंगीला काय हुतंय?''

आणि मग मुंग्या मेल्या. आणि मी तिला म्हटलं, तुझ्या हातानं मेल्या.

सौम्या, मला रडू आलं ते इथं लिहून टाकतो, फोनवर तुला कळू दिलं नसतं. आक्काला तुझं लग्न पसंत नव्हतं, हे मी खोटं सांगितलं. मुंग्या तिनं मारल्या, हेही खोटं. मी काल फोन करून तिला सांगितलं की दोष हळदीचा, तुझ्या हाताचा नव्हे. ती म्हणते, ''माझं मन राखायला सांगतोस.'' जन्मभर मी तिच्यावर संशय घेतला, आणि आता खरं बोलतो तर तिला माझाच संशय येतो. मला चांगलीच शिक्षा झाली. तिचा विश्वास बसेल असं माणूस एकच आहे, म्हणून हे पत्र. पुढच्या शुक्रवारी गुंजीला ये. नारळ, तांदूळ, खण मी घेऊन स्टेशनवर थांबतो. तिच्यासमोर पदर पसर आणि तिनं हात मागे घेतले तर धरून ठेव. हळद मूठभर लावू दे. मुंगीला ती सोसत नाही, तुला सोसते.

निकाल मागे घेणारा, तुझाच,
अप्पा