खोडलेलंसुद्धा उतरवायचं

प्रिय कादंबरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर इथे वेस्ट विंडसरात कशाचीच तक्रार नाही. बाबाला एकदम हाताने पत्र लिहायची काय हुक्की आली, असं म्हणशील. रविवारच्या मराठी शाळेत तुला रडवत नेत होतो ना, त्याची आज वसुली समज. एखाद्या शब्दाला अडलीस तर आईला फोन कर, मला नको. मला अवघडल्यासारखं होईल.

रिटायर झाल्यावर मी घरात नुसता लुडबुडत होतो. मसाल्याच्या बरण्यांना लेबलं लावली तेव्हा आईची सहनशक्ती संपली आणि तिने मला ड्राइव्ह करून लायब्ररीत नेऊन सोडलं. तिथे रीमा नावाची नागपूरची मुलगी आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश चित्रकारांची पत्रं, कागदपत्रं तिच्या ताब्यात असतात. आम्ही व्हॉलंटियर मंडळी ती वाचून कॉम्प्युटरवर उतरवतो. माझ्या वाट्याला एका चित्रकाराला त्याच्या बापाने लिहिलेली एक्केचाळीस पत्रं आली. बाप खेड्यात बटणं बनवणारा, मुलगा दुकान सोडून लंडनला चित्रं काढायला गेलेला. पत्रांत काय, तर लोकरीचे मोजे घाल, ओल्या खोलीत झोपू नकोस, अमक्याचा मुलगा बघ कसा वकील झाला. मला तर म्हातारा पहिल्या दिवसापासून आवडला. म्हटलं, हा आपला माणूस.

आपला म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तू फार्मा कंपनीतली नोकरी सोडून तिकडे ह्यूस्टनजवळ शुगर लँडला मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये चित्रं काढायला गेलीस, तेव्हा मी फक्त हेल्थ इन्शुरन्सवर बोललो. अजूनही फोनवर तेच बोलतो. आणि गेल्या महिन्यात तुझ्या पहिल्या प्रदर्शनाचं आमंत्रण आलं, खाली तू लिहिलं होतंस, बाबा, येशील ना. मी ईमेलने काय कळवलं? बघतो, जमलं तर. तू त्यावर नुसता अंगठा पाठवलास. तो अंगठा मला फार लागला बघ. आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात लायब्ररीत माझी फजिती झाली. त्या म्हाताऱ्याने पत्रांत जागोजागी खोडलेलं. मी तीस वर्षं पुलांची ड्रॉइंग्ज काढलेला माणूस. शेवटच्या प्रतीवर खाडाखोड ठेवायची नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. खोडलेलं सगळं गाळून एक्केचाळीस पत्रं चकाचक टाइप करून दिली आणि शाबासकीची वाट बघत बसलो. रीमाने सगळीच्या सगळी परत पाठवली. काका, खोडलेलंसुद्धा उतरवायचं असतं, म्हणाली. अगं, माझा पाराच चढला! त्याला जे म्हणायचं नव्हतं ते आता त्याच्या तोंडी कशाला घालायचं, म्हणून मी तिच्याशी वाद घातला. तिने हसून भिंग माझ्या हातात दिलं.

मग बसलो निमूटपणे. एका पत्रात वाक्य आहे, दुकानाच्या भिंतीला ओल आली आहे. त्याआधीची ओळ खोडलेली. त्या रेघेखाली काय असावं? तुझं गायीचं चित्र मी दुकानात लावलं आहे, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. हे खोडून पठ्ठ्याने ओलीचं लिहिलं! दुसऱ्या एका पत्रात, तुला डोळे भरून बघावंसं वाटतं, हे खोडून मोजे मिळाले का ते कळव. अशा तेवीस जागा निघाल्या. मुलाला त्या कधी वाचता आल्या का, देव जाणे. पत्रं मात्र त्याने मरेपर्यंत जपली होती. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी बाहेर गेलो आणि एक कॉफी पिऊन आलो.

आता माझं. तू बावीस वर्षांची असताना माझ्या साइटवरच्या पिवळ्या हेल्मेटचं चित्र काढून दिलं होतंस आणि मी म्हणालो होतो, सावली चुकलीय. सावली चुकलीच आहे, ते मी मागे घेत नाही. पण ते चित्र माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय आणि रोज शर्ट काढताना मी ते बघतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला वर नेऊन दाखवलंय, अगदी छताच्या पन्हाळी साफ करायला आलेल्या माणसालासुद्धा. आणि त्या ईमेलमध्ये मी आधी लिहिलं होतं, येतो म्हणजे काय, दारात पहिला मीच असेन. मग ते पुसलं आणि बघतो लिहिलं. कॉम्प्युटरवर पुसलेलं कुठल्याच भिंगाला दिसत नाही गं. म्हणून आज कागद घेतला.

सोळा तारखेला दुपारी आम्ही दोघं ह्यूस्टनला उतरतोय. तिकिटं काढलीत, कॅन्सल न होणारी. मी तुझं काम बघायला येतोय. आत्ताच्या या ओळीत तुला एक शब्द खोडलेला दिसेल. सवयीने मी तिथे छंद लिहून गेलो होतो. सहा वर्षांची सवय, हात लगेच वळत नाही. तो खोडून वर काम लिहिलं. नवा कागद घेणार होतो, पण नाही घेतला. रेघ बारीक मारलीय, दोन्ही शब्द तुला वाचता येतील.

तुझाच, सावल्या तपासायला येणारा
बाबा