खेदाचा कागद

मेपल फोर्ड, इंडियाना
१८६२, पाचवा महिना, दिवस ४

चि. झिमरीस अ. उ. आ.

शायलोच्या लढाईत काय झालं ते वर्तमानपत्रातून कळलं आणि तू जिवंत आहेस हे तुझ्या पत्रातून. दोन्ही एकाच दिवशी आली. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, वर्तमानपत्राला हात लावला नाही. पत्रावर तू ‘एप्रिल’ लिहिलं आहेस. आपण महिने मोजतो, त्यांना नावं ठेवत नाही. सात-आठ महिन्यांत एवढंही विसरलास?

आता कामाचं. नियम तुला पाठ आहे. आपल्या पंथात युद्ध निषिद्ध; क्वेकराने बंदूक उचलली की सभा त्याचं नाव पंथातून कमी करते. खेद लिहून दिला तरच ठेवते. पुरुषांच्या सभेत तुझं प्रकरण निघालं आहे. दप्तर बाबांच्या हाती, म्हणजे तुझं नाव कमी करायचा ठराव त्यांनाच लिहावा लागेल. त्यांना एकाहत्तरावं चालू आहे. मजकूर मीच तयार करून सोबत पाठवते आहे. चारच ओळी आहेत. खाली सही कर आणि परत पाठव.

पाय कोरडे ठेव. रागावते म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझी ताई,
आसेनाथ


कॉरिंथजवळ, मिसिसिपी
१८६२, सहावा महिना, दिवस ९ (बघ, सुधारलो)

ती. आसेनाथताईस स. न. वि. वि.

कागद पोचला. अक्षर अजून फळ्यावरचं आहे, मास्तरीणबाई. परवा सवयीने कर्नलला अरे-तुरे केलं. आपल्याकडे सगळ्यांना तसंच म्हणतात, असं सांगून पाहिलं. दोन दिवस लाकडं फोडली. तुकडी मला पाद्रीबुवा म्हणते.

शायलोला पीचची झाडं फुलली होती आणि गोळ्यांनी पाकळ्या झडून माणसांवर पडत होत्या. माझ्या गोळीने एक जण पडला. मी पाहिलं. दाढीवाला होता. त्याच्याबद्दल खेद लिहायचा असेल तर चार ओळी कशाला, चार पानं लिहितो. पण तुझी दुसरी ओळ म्हणते की माझं इथे येणंच चुकलं. तिच्याखाली सही होत नाही. अर्धं खरं लिहिलं की तू पाटीवर काट मारायचीस. आता भोग.

कागद टाकलेला नाही, कोटात आहे. बाबांना नमस्कार. मनातून उतरवू नकोस.

तुझा,
झिमरी


मेपल फोर्ड
१८६३, दुसरा महिना, दिवस १५

चि. झिमरीस अ. उ. आ.

गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पळून आलेल्या ज्या गुलामांना आपल्या गवताच्या माळ्यावर लपवलं, ज्यांच्यासाठी तू लहानपणी शिडीवरून मक्याची भाकरी न्यायचास, ती सगळी माणसं त्यांनी नावानिशी आठवली. रडले. मग म्हणाले, हे रक्त न सांडता व्हायला हवं होतं. कॉलेजात असताना मी भाषणं ठोकायचे, की समजावून सांगितलं तर दहा वर्षांत गुलामगिरी संपेल. त्याला पंचवीस वर्षं झाली. समजावून समजावून घसा बसला.

तुझं प्रकरण नवव्यांदा पुढच्या महिन्यावर गेलं. नाव कमी करण्याआधी तुला भेटायला माणूस पाठवावा लागतो, तो पाठवता येत नाही, हे कारण. युद्ध आहे तोवर ते चालेल, पुढे नाही. दुसरी ओळ खोडायचा अधिकार मला नाही. सही कर, झिमरी. बाबांसाठी कर.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. ते वापरशील तरी.

आसेनाथ


व्हिक्सबर्ग, मिसिसिपी
१८६३, सातवा महिना, दिवस ८

ती. ताईस स. न. वि. वि.

सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर शहर पडलं. शत्रू बाहेर आला तो नुसता हाडांचा सापळा. आमच्या पोरांनी झोळ्या उघडून त्यांना बिस्किटं दिली. जयजयकार करायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. सगळी मिसिसिपी नदी आता आपली, असं अधिकारी सांगतात. मला त्या दिवशी फक्त झोपायचं होतं.

एक गोष्ट सांगायची आहे. खंदक खणायला आमच्याबरोबर मळ्यांवरच्या गुलामीतून पळून आलेली माणसं होती. त्यांतल्या आयझमने कोटातला कागद पाहिला आणि बायकोचं पत्र का, असं विचारलं. मी त्याला तुझ्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्याने दुसरी ओळ पुन्हा वाचायला सांगितली. वाचली. मला वाटलं, चिडेल, नाहीतर हसेल. त्याने फावडं उचललं आणि खणायला लागला. दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

कागद मी फाडला, ताई. काय रागवायचं ते रागाव, पण पत्र लिही.

झिमरी


अटलांटा, जॉर्जिया
१८६४, नववा महिना, दिवस ११

ती. ताईस स. न. वि. वि.

चौदा महिन्यांत तुझं पत्र नाही. बाबांच्या दोन-दोन ओळी येतात, त्यात दूध आणि हवामान.

अटलांटा घेतलं. आता राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून येतील आणि अर्ध्यावर तह होणार नाही, असं सगळे म्हणतात. आमची तीन वर्षं भरत आली, घरी येता आलं असतं. हिवाळ्यातच पुन्हा सही करून बसलो आहे, पण ती सैन्याच्या कागदावर. तुकडीत अठ्ठ्याण्णव होतो, एकवीस उरलो. भीती संपली, नुसता थकवा आहे. बूट काढायचाही कंटाळा येतो.

विसरली नसशील असं धरून चालतो.

झिमरी


मेपल फोर्ड
१८६५, पाचवा महिना, दिवस २८

चि. झिमरीस अ. उ. आ.

मी विसरले नव्हते, रागावले होते. आधी तुझ्यावर, मग त्या दुसऱ्या ओळीवर. ती माझीच होती.

युद्ध संपलं आणि सभेचं कारणही संपलं. या महिन्यात प्रकरण निघालं तेव्हा मी बायकांच्या सभेची परवानगी घेतली, मधल्या लाकडी पडद्याचं दार उघडलं आणि पुरुषांसमोर तुझं व्हिक्सबर्गचं पत्र वाचलं. आपल्यात हात मोजत नाहीत, मनं एका बाजूला वळेपर्यंत बसायचं. तासभर बसलो. शेवटी सभेतले वडीलधारे ओबेद स्वेन उठले. म्हणाले, पोराने खोटं लिहिलं नाही याचा आनंद आहे, आणि म्हणूनच नियम वाकवता येत नाही. कुणी विरोध केला नाही. तुझं नाव कमी झालं. माझ्याने झालं तेवढं मी केलं, ते पुरलं नाही.

बाबांनी ठराव लिहिला. वाचून दाखवला, वही मिटली आणि पुढच्या बाकावरून उठून ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले, जिथे बाहेरची माणसं बसतात. ओबेदनी विचारलं, बरं नाही का. बाबा म्हणाले, बरा आहे, मुलगा यायचा आहे, पहिल्या दिवशी एकटा कसा बसेल. दोन आठवडे झाले, प्रार्थनेलाही ते तिथेच बसतात. वही दुसऱ्याकडे दिली आहे. दाराशी वारा लागतो, ऐकत नाहीत.

लवकर ये. आणखी काही मागत नाही.

ताई


लुइव्हिल, केंटकी
१८६५, सातवा महिना, दिवस १९

ती. ताईस स. न. वि. वि.

सुटलो. बंदूक परत केली. पुढच्या सभेला पोचतो.

बाबांना सांग, जरा आत सरकून बसा. दाराकडची जागा माझी.

झिमरी