माझी फोनवरची कन्सल्टन्सी

३ फेब्रुवारी, सोमवार
आज कंपनीनं मला मोकळं केलं. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचा डिस्पॅच बावीस वर्षं सांभाळला. ऑर्डरी घटल्या म्हणून अकरा जण कमी केले, त्यात मी. सांगताना एचआरवाला पोरगा खाली मान घालून बसला होता. साहजिक आहे, माझ्याकडं बघून बोलायचा धीर होईना त्याला. मीच त्याला पाणी दिलं.
घरी अनुजाला सांगितलं. तिनं शिलाई मशीन थांबवलं आणि म्हणाली, आधी जेवा. बायकोला धक्का बसलेला दिसतोय. मी एकदम नॉर्मल. जेवण गेलं नाही, पण ते वांग्यात तिखट जास्त होतं म्हणून.

४ फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प. रोज सहाला उठणे, रंकाळ्याला एक फेरी, मग दहा अर्ज. पंधरा दिवसांत नोकरी. मॅनेजरच्या खालची पोस्ट घ्यायची नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
पुन्हा उठलो. फेरी उद्यापासून.

१० फेब्रुवारी
आजवरचे अर्ज: एक. बायोडाटा चांगला करायला वेळ लागतो. 'कॉम्प्युटर' या रकान्यात 'सर्व' असं लिहिलं.
शहजादचा फोन. मोल्डिंगला होता, माझ्याबरोबरच कमी झाला. आठवड्यात दुसरीकडं चिकटलासुद्धा. तिथं डिस्पॅचला माणूस हवाय, शब्द टाकू का म्हणाला. पोस्ट विचारली. असिस्टंट. मी नुसता हसलो. शहजाद माणूस चांगला, पण घाई करतो.

१९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. अर्ज नाहीत. कालही नाहीत, कारण आज सुट्टी होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार
इंटरव्ह्यू! गोकुळ शिरगावात, गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, पोस्ट डिस्पॅच इन्चार्ज. मॅनेजर नाही, पण अपवाद केला.
बाहेरच्या बाकावर शेजारी एक पोरगी. शबनूर, मुरगूडची, चोवीस-पंचवीसची. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोन वर्षं काढलेली. घाबरून हातातली फाइल सारखी उघडझाप करत होती. मला दया आली. म्हटलं, माल चलनाशी जुळल्याशिवाय गाडी गेटाबाहेर सोडायची न्हाय. गाडीला उशीर झाला तर आधी पार्टीला फोन, मग ड्रायव्हरवर ओरडायचं. पोरीनं सगळं लिहून घेतलं.
माझा नंबर आल्यावर त्यांनी सॉफ्टवेअरचं विचारलं. मी म्हणालो, ज्याला सगळं पाठ आहे त्याला सॉफ्टवेअर कशाला? तिघंही एकमेकांकडं बघायला लागले. छाप पडली. फोन करतो म्हणालेत.

२८ फेब्रुवारी
फोन आला. शबनूरचा. तिची निवड झाली. सर, तुमच्यामुळं झालं म्हणाली. म्हणजे कंपनीनं उत्तरं माझीच निवडली, माणूस तेवढा दुसरा घेतला. हे अनुजाला समजावून सांगितलं. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली.

६ मार्च
शबनूरचा फोन. एका गाडीत दोन पार्ट्यांचा माल, चलनांचा घोळ. चार मिनिटांत सोडवून दिला. याला कन्सल्टन्सी म्हणतात. बायोडाट्यात 'इंडस्ट्रियल कन्सल्टंट' असं घातलं.

११ मार्च
आज तिचा फोन नाही. संकोच वाटत असणार. मीच केला. चाळीस मिनिटं मार्गदर्शन.

१२ मार्च
अनुजाच्या कामाला सिस्टीम नाही. शिवून झालेले ब्लाऊज कुठल्याही पिशवीत. दुपारभर बसून सगळ्या पिशव्या डिस्पॅच पद्धतीनं लावल्या, लेबलं चिकटवली.

१३ मार्च
समोरच्या गल्लीतल्या सबिनाचा लग्नातला ब्लाऊज सत्तरीच्या धोंडुबाईंकडं गेला. चूक लेबलाच्या डिंकाची. धोंडुबाई ब्लाऊज परत द्यायला तयार नाहीत. त्यांना तो आवडलाय.

१८ मार्च
शबनूरला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उचलला नाही. लोडिंग चालू असणार.
अनुजानं तिचा नंबर मागून घेतला. पोरीला ड्रेस शिवायचे असतील तर बघते म्हणाली. माझ्या संगतीत बायकोलाही धंद्याची नजर आली.

२४ मार्च, सोमवार
कंपनीचा फोन! उद्या दहाला या. शेवटी त्यांना कळलं, शबनूरच्या मागं कोण उभं आहे ते. अनुजाला सांगायला गेलो तर इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावलेला. ही बाई कधीकधी मनातलं ओळखते.

२५ मार्च
टेबलापलीकडं शबनूरच होती. पोस्ट डिस्पॅच असिस्टंट. तिच्या हाताखाली.
मी विचारलं, माझं नाव कुणी सुचवलं? सायबांनी?
तिनं हातातली फाइल मिटली. मग म्हणाली, "सर, खरं सांगू? काकींचा फोन आलता. म्हणाल्या, हे दिवसभर हसत्यात, गप्पा मारत्यात, पण आतनं माणूस खचलाय. कामाला लागलं न्हाईत तर मला भीती वाटती."
मी टेबलावरच्या टाचण्या बघत होतो.
"आणि तुमास्नी काम येतंय की सर," ती म्हणाली. "मी सायबांना तेच सांगितलं. सॉफ्टवेअर तेवढं शिकावं लागंल."
विचार करून सांगतो म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "कधी येऊ?"
घरी आल्यावर अनुजाला त्या फोनबद्दल काही बोललो नाही. तीही बोलली नाही. चहा केला तिनं, साखर जास्त घालून.

२ एप्रिल, बुधवार
पहिला दिवस. हातात स्कॅनर दिला. खोक्यावर धरून बटण दाबायचं, टुंक वाजतं. मला वाजलेलं ऐकू आलं नाही म्हणून दाबत राहिलो. कॉम्प्युटरवर एका खोक्याची अकरा खोकी झाली. गाडी तासभर अडली. ड्रायव्हर म्हणाला, ओ पावणं, नवीन हाय काय? शबनूरनं येऊन दहा खोकी गुपचूप उडवली. ओरडली नाही. तिच्या जागी मी असतो तर गेटापर्यंत आवाज गेला असता.
दुपारपर्यंत तिला नावानंच हाक मारत होतो. यार्डात सगळे वळून बघायचे. दुपारनंतर मीही मॅडम म्हणायला लागलो. पहिल्यांदा जीभ अडखळली.
संध्याकाळी अनुजानं विचारलं, कसं काय? म्हटलं, बरं हाय. मॅडम समजूतदार हायत.
उद्या मॅडमनी अर्धा तास लवकर बोलावलंय. मला शिकवायला.