ओट्यामागचा कॉक

मी, खाली सही करणारी, गल्लीत जिला सगळे लॉन्ड्रीवाली म्हणतात ती, मांडीचं हाड मोडल्यापासून वरच्या खोलीत पलंगाला खिळलेली, असं लिहून ठेवते की माझे पाय कामातून गेले असले तरी डोकं जागेवर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. फूस लावायची तर शेजारी बसावं लागतं, आणि तेवढा वेळ या घरात कोणाला नाही. मी तोंडाने सांगते आहे आणि आमच्या यांचे मित्र, कोर्टाच्या दारात जन्मभर मशीन बडवलेले टायपिस्ट भावजी, ते उतरवून घेत आहेत. माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हा कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे, आणि माझ्या शब्दांना त्यांनी हात लावायचा नाही.

आजच का, तेही लिहिते. सकाळी भोंग्याची गाडी फिरून गेली. धरण भरलंय, पाणी सोडणार, सखल भागातल्यांनी तयारीत राहावं. आमच्या गल्लीइतकी सखल जागा दुसरी नाही. खाली घरात माझी नात आहे, बाळंतपणाला आलेली, आणि तिचं बाळ वरच्या दुधावर आहे. ते दूध पाण्यात कालवतात. ते पाणी या घराच्या नळाचं.

मी तोंडाने सांगितलेलं कोणी ऐकत नाही. पण घर कोणाला हे ज्या कागदात असतं, तो कागद माणसं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून जे सांगायचं ते यातच घालते.

कलम १. हे घर, खालचं दुकान, वरची खोली आणि गच्ची धरून, माझ्या थोरल्या मुलाला. अट काही नाही. भावजी म्हणाले, "वहिनी, अट घाला की. कॉक मोकळा केला तरच घर. बघा कसा पळत येतो."

मी म्हटलं, "अट लागू कधी होणार?"

"तुमच्या पश्चात."

"आणि पाणी कधी येणार?"

भावजींनी पुढच्या कलमाचा आकडा टाइप केला. म्हणून अट नाही.

कलम २. कॉक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गल्लीतला पाइप आमच्या घरात शिरतो तिथे, स्वयंपाकघराच्या भिंतीला, पितळी कॉक आहे. तो बंद केला की गल्लीतलं पाणी आत येत नाही, आणि गच्चीवरच्या टाकीत जेवढं चांगलं पाणी असेल तेवढं चांगलंच राहतं. तो उघडा राहिला की गल्लीत जे काही वाहत असेल ते आपसूक टाकीत चढतं. एवढी साधी गोष्ट आहे. कॉक आमच्या यांनी बसवून घेतला, यांच्या हाताने बंद झाला आणि यांच्याच हाताने उघडला गेला. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

थोरल्याने दुकान बंद करून नवं स्वयंपाकघर केलं तेव्हा सुनेला तो कॉक डोळ्यांत खुपला. "आई, पाहुणे आले की आधी तेच दिसतं." पाइपवाल्याला सांगून झाकून टाकला. त्याच्यापुढे सुताराने ट्रॉल्या ठोकल्या, वर दगडाचा ओटा चिकटवला. आता तिथे चमचे ठेवायचा खण आहे. गल्लीतला दुसरा कॉक होता, तो डांबराखाली गेला. म्हणजे पाणी बंद करायचं म्हटलं तर या घरात चमचे आहेत, कॉक नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते नातीला. हातातल्या बांगड्याही तिलाच. सुनेने वाईट वाटून घेऊ नये. तिला ट्रॉल्या मिळाल्या आहेत.

कलम ४. दारातलं चपलांचं कपाट. याच्यामागे विजेचा मेन स्विच आहे. कपाट फोडून जाळावं. जाळवत नसेल तर माझ्या नणंदेला द्यावं, तिने लग्नात दिलेल्या फुटक्या घड्याळाची परतफेड म्हणून. मेन स्विच पाय कोरडे असताना पाडायचा. घरात पाणी शिरलं की त्याच्या जवळ जायचं नाही, मग भले फ्रिज जळो. मागच्या बोळातला गॅसचा कॉक अजून हाताला लागतो, ही सुनेची कृपा. बोळ पाहुण्यांना दिसत नाही. तो एकदा बंद केला की घरातल्या कोणी परत उघडायचा नाही. गॅसवाले येतील, बघतील, ते उघडतील. तोवर थंड खा.

कलम ५. दुकानातली कोळशाची इस्त्री, लाकडी टेबल आणि हौदाशेजारची साबणाची कढई. हे कोणालाच नको आहे, मला माहीत आहे. इस्त्री थोरल्याने ठेवावी. कढई मोडीत घालावी, आणि ती का ते इथे लिहिते, कारण थोरल्याला ते कोणी नीट सांगितलेलं नाही.

आमचा धंदा धुलाईचा. पाणी कसं आहे ते आमच्या घरात साबणावर ठरायचं. फेस धरला की पाणी चांगलं, फेस फाटला की पाणी जड. आमचे हे तळहातावर वडी फिरवून विहिरीची जात सांगायचे. आमची दोन्ही मुलं लहान असताना पूर आला, तेव्हा यांनी वेळेत कॉक बंद केला, आम्ही गच्चीवर बसलो, टाकीतलं पाणी पुरवून पुरवून प्यालो. कोणाला काही झालं नाही. पूर ओसरला, आणि नळाने फुसफुस सुरू केली. यांना दुकान धुवायची घाई. कॉक उघडला. आधी गढूळ आलं. हे म्हणाले, "वाहू दे थोडं. निवळेल." मग निवळ आलं. यांनी हातावर वडी चोळली आणि कोपरापर्यंत फेस आला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "गोडं पाणी आलं रे!"

मी म्हटलं, "अहो, भोंगेवाले पिऊ नका म्हणतायत. उकळू द्या तरी."

"तू मला पाणी शिकवणार? फेस बघ फेस!"

आणि तांब्या भरून घटाघटा प्याले. धाकट्यालाही पाजलं. थोरल्याने घोटभर घेतलं. भावजी तिथेच उभे होते; ते वाचले, कारण त्यांच्या घशाखाली चहाशिवाय काही उतरत नाही. गटाराचा पाइप फुटून नळाच्या पाइपात मिसळला होता, हे नंतर खणल्यावर कळलं. साबणाला मळ कळतो, रोग कळत नाही.

म्हणजे आमचे हे पुरात गेले नाहीत. पूर गेल्यावर गेले. त्यांच्या आधी धाकटा गेला. त्याच्याबद्दल मी या कागदात एवढंच लिहिणार.

थोरला तापातून उठला. त्याला बापाचा तो हसरा चेहरा आणि कोपरापर्यंतचा फेस तेवढा आठवतो. आजही पाहुण्यांच्या घरी गेला की आधी मोरीत जाऊन साबण चोळून बघतो. लोकांना गंमत वाटते.

कलम ६. मेन कॉकचा पाना, जो माझ्या उशाशी खिळ्याला आहे. हा पाइपवाल्याला द्यायचा होता. भावजी म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मी म्हटलं, "मग जिवंतपणी देते." पाइपवाला साक्षीला आलाच होता. त्याच्या हातात पाना ठेवला आणि म्हटलं, "झाकलास तू, उघडशीलही तूच. खाली जा. खण उचकट, मागची फळी काप."

तो गेला. आम्ही मशीन थांबवून ऐकत राहिलो.

सुनेचा आवाज, "अहो, नवीन फर्निचर आहे ते!"

थोरल्याचा आवाज, "अरे, आईचं काय ऐकतोस? पाणी येऊ दे तर खरं, मग बघू."

"साहेब, मग बघायला हात पोचणार नाही."

"फिल्टर बसवलाय ना," सून म्हणाली.

मी वरून ओरडले, "फिल्टर विजेवर चालतो गं! पूर आला की आधी वीज जाते!" माझा आवाज जिन्याच्या वळणापर्यंत जातो, पुढे जात नाही. सून म्हणाली, "आईंना काहीतरी हवंय वाटतं."

पाइपवाला वर आला आणि पाना परत पलंगावर ठेवला. म्हणाला, "आजी, घर त्यांचं आहे." मी म्हटलं, "अजून माझं आहे. पण मला उठून दाखवता येत नाही, हा तुझा मुद्दा बरोबर." मग तो परत खाली गेला आणि त्याने झाकणाचे डबे घासून, नळाच्या चांगल्या पाण्याने भरून, एकेक करून माझ्या पलंगाखाली आणून ठेवले. तेवढं त्याला कोणी अडवलं नाही. डब्यांमुळे फर्निचर खराब होत नाही.

पाना आता नातीला.

कलम ७. हे कलम ठरलेलं नव्हतं. भावजी वरचं टाइप करत होते तेव्हा खालून सून ओरडली, "नळाला गढूळ येतंय हो!" थोरला म्हणाला, "वाहू दे थोडं. निवळेल."

अगदी त्याच शब्दांत. मी ते याआधी एकदा ऐकले आहेत.

नात बाळाला घेऊन वर आली आणि माझ्या पायाशी बसली. मी विचारलं, "बाप काय करतोय तुझा?"

म्हणाली, "आजी, बाबांनी साबण मागितला."

तेव्हा थोरल्या, तुला लिहून देते. टाकी गेली. गच्चीवरचं पाणी आता आपलं नाही. ते कितीही निवळलं, त्याला कितीही फेस आला, तरी तोंडाला लावू नकोस. दात घासायला नाही, चूळ भरायला नाही. खळखळून उकळी येईपर्यंत उकळ, आणि त्याला रॉकेलचा किंवा डिझेलचा वास आला तर उकळूनही उपयोग नाही, फेकून दे. तुझा बाप मूर्ख नव्हता. त्याचं पाण्याचं ज्ञान कपड्यांपुरतं होतं. तुझंही तेवढंच आहे.

भावजी, हे पान मशीनमधून काढा आणि खाली जाऊन मोठ्याने वाचा. बाकीची कलमं मी मेल्यावर वाचली तरी चालतील.

कलम ८. माझ्या पलंगाखालचे पाण्याचे डबे नातीच्या बाळाला. त्याच्या दुधासाठी आणि त्याच्या बाटल्या धुण्यासाठी. नातीने, थोरल्याने, सुनेने, कोणीही त्यांना हात लावायचा नाही. मीही नाही. मला तहान लागली की मी मागेन, मला ओळखते मी. शिव्याही देईन. देऊ नका.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. एका ठिकाणी भावजींनी "कृपया" घातलं होतं, ते काढायला लावलं.

सही: लॉन्ड्रीवाली
ठिकाण: वरची खोली, खिडकीकडचा पलंग
तारीख: धरणाचं पाणी सोडलं तो दिवस, संध्याकाळ

साक्षीदार: पाइपवाला. सही माझ्यासमोर केली. कॉक मीच झाकला होता, हे खरं आहे.

साक्षीदार: टायपिस्ट. सही माझ्यासमोर केली, बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सांगितल्याप्रमाणे कलम सात खाली जाऊन मोठ्याने वाचलं. थोरल्याचे हात साबणाने भरलेले होते आणि ओट्यावर भरलेला तांब्या होता. वाचून संपलं तरी तो हात धुवायचे विसरून तसाच उभा होता. मी जिना चढेपर्यंत तांब्या भरलेलाच होता. त्यापुढचं मला माहीत नाही. वर आल्यावर कलम आठ टाइप केलं, मग वहिनींनी पाणी मागितलं. कलम आठप्रमाणे दिलं नाही.