तारेचा पीळ

दादा,

डाव्या हाताने लिहितोय, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लहानपणी तुझ्या डावखुरेपणाला हसायचो, त्याची फेड झाली म्हण.

नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाचा वकील म्हणतो, पत्रा कापायच्या मशीनची, हात पात्याखाली जाऊ नये म्हणून असते ती जाळी मीच तारेने वर बांधून ठेवली, म्हणून माझा हात गेला. काल माझ्या वकीलबाईंनी त्या तारेचा फोटो पुढे ठेवला. म्हणाल्या, "पीळ उलटा आहे. हे डावखुऱ्याचं काम. तुम्ही तर उजव्या हाताने काम करायचात. मग कारखान्यात डावखुरं कोण आहे?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

न आठवायला काय झालंय? जाळी खाली असली की माल निम्माच निघायचा, आणि तू फोरमन म्हणून मालक तुझ्यावर डाफरायचा. "बांधून टाक ती जाळी," हे त्याचेच शब्द. तू तार पिळलीस. तेव्हा जाळी वर उचलून धरणारा हात माझा होता. तोच गेला.

त्याचा राग नाही रे. पण चार महिने वहिनीच्या हाती फळं पाठवतोस आणि स्वतः तोंड दाखवत नाहीस, याचा आहे.

उद्या माझी साक्ष आहे. तुझ्यासकट, माझ्यासकट, सगळं खरं सांगणार आहे. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तू येशील, आणि मला तू न बोलावता आलेला हवा आहेस.

तुझा धाकटा